रवी, ड्रिल आणि पंधरा दिवसांची साय

माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर मला स्वयंपाकघरातलं सगळं करू दिलं, फक्त रवीला हात लावू दिला नाही.

म्हणजे कसं, की आमटीत दोनदा मीठ घाल, चालेल. (घातलं.) पुरण पातळ कर, पोळ्यांचे नकाशे कर, दूध उतू घालवून शेगडी विझव, आई काही म्हणायच्या नाहीत. पण साय घुसळायचा दिवस उजाडला की अगदी गोड आवाजात सांगायच्या, "मेधा, तू जरा बाहेर बस बरं. नानांशी बोल." मग मी बाहेर जाऊन नानांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, बोलत बसायची. स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं. वीस मिनिटांनी उघडायचं, आणि ओट्यावर गार पाण्याच्या पातेल्यात नारळाएवढा लोण्याचा गोळा तरंगत असायचा!

मी ठाण्याची. आमच्या घरी लोणी चौकोनी, पिवळं आणि खारट असायचं आणि ते दुकानातून यायचं. हे पांढरंशुभ्र, गोल लोणी, त्यावर आईंच्या बोटांचे ठसे, आणि तो वास! मी दर वेळी तोंड उघडं टाकून बघत राहायची. चार महिने झाले तरी आत त्या नेमकं काय करतात हे मला कळलं नव्हतं. मंत्र म्हणत असाव्यात असाही एक संशय होता.

बरं, मलाही काही मान होता की नाही! मी एम.एस्सी. केमिस्ट्री. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सातपूरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करत होते. डब्यातला रंग फाटला की साहेब मला बोलवायचे, आणि इथे साध्या सायीसाठी मला दाराबाहेर बसवत होते. आईंचा माझ्यावर विश्वास नाही, एवढाच त्याचा अर्थ मी काढला आणि तो मनाला चांगलाच लागला.

त्यात एप्रिलमध्ये माझी नणंद शुभा बाळंत झाली. पहिली खेप, म्हणून माहेरी, आमच्या सिडकोतल्या घरी. मुलगी झाली. बाळ गुटगुटीत आणि शुभा मात्र काडी झालेली. तिला डिंकाचे लाडू करून घालायचे, तर ते घरच्याच तुपातले हवेत हा आईंचा हट्ट. मी एकदाच सुचवलं की दुकानातून चांगलं तूप आणू.

"बाळंतिणीला बाजारचं तूप? मग मी कशाला जिवंत हाय?" आई म्हणाल्या. (आई मूळच्या निफाडकडच्या. एरवी बोलणं शहरी, पण जीव कशात अडकला की भाषा लगेच गावी जायची.)

म्हणून बाळंतपणाच्या आधीपासूनच, असे पंधरा दिवस साय साठत होती. कुणाच्याही चहात साय जात नव्हती, नानांच्या भाकरीवरची सायसाखर बंद झाली होती. शुभा रोज सकाळी विचारायची, "आई, लाडू कधी?" आणि आई म्हणायच्या, "साय भरू दे." शेवटी एका शुक्रवारी रात्री आईंनी सायीला विरजण लावलं. शनिवारी निफाडला त्यांच्या भावाच्या नातवाचं जावळ होतं. निघताना त्या मला म्हणाल्या, "विरजणाला हात लावू नको. मी चारपर्यंत येते. आल्यावर घुसळते, तूप कढवते, उद्या लाडू वळते."

हात लावू नको! हे ऐकलं आणि मी ठरवलं की आज लावायचाच. आई घरी येतील तेव्हा लोण्याचा गोळा पाण्यात तरंगत असेल आणि मी काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने भाजी चिरत असेन. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, मला सुट्टी होती, नाना पेपर वाचत होते. अडवणारं कोणी नव्हतं.

ओट्याखाली दोन पातेली होती, दोन्हींवर ताटं आणि ताटांवर जड काहीतरी ठेवलेलं. एक मोठं, एक लहान. मी शास्त्रीय विचार केला. पंधरा दिवसांची साय म्हणजे मोठंच पातेलं असणार. लहान पातेलं म्हणजे शुभाला प्यायचं दूध. त्याला हात न लावता मी मोठं पातेलं पुढे ओढलं आणि झाकण काढलं. आंबूस वास आला. वर पाणी साचलेलं, खाली पांढरं दाट. मी मनात म्हटलं, वा! ताक आपोआपच सुटलंय, अर्धं काम झालेलंच आहे!

रवी घातली आणि घुसळायला लागले. पाच मिनिटांत रवी खालच्या बाजूला जड झाली. इतकी जड की फिरेना.

"शुभा!" मी ओरडले. "लोणी धरलं!"

आतल्या खोलीतून शुभाचा आवाज आला, "इतक्यात? आईला वीस मिनिटं लागतात!" (शुभाला खोलीबाहेर पाय ठेवायची बंदी होती. डोक्याला रुमाल, कानात कापूस, आणि वाऱ्याची झुळूक आली की खिडकी बंद.)

मी अभिमानाने पातेल्यात हात घातला आणि तळाचा गोळा उचलला. हातात होता तोवर घट्ट, चांगला चिक्कण गोळा. आणि वर काढल्यावर माझ्या डोळ्यांदेखत तो वितळला आणि बोटांमधून धार लागून परत पातेल्यात गेला! मी पुन्हा धरला. मुठीत दाबला की दगड, मूठ सैल केली की दूध. मी शपथेवर सांगते, असं काही मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं. लोणी इतकं विलक्षण असतं याची मला कल्पनाच नव्हती. आई दार का लोटतात ते आता कळलं, असं मला वाटलं.

हात धुतला तर एका पाण्यात स्वच्छ झाला. लोण्याचा हात साबणाशिवाय निघत नाही, हे तेव्हा खटकायला हवं होतं. मला वाटलं, किती शुद्ध लोणी!

मग बर्फ घातला. लोणी यायला गारवा लागतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. अर्धा तास घुसळलं. मग वाटलं गारवा जास्त झाला, म्हणून कोमट पाणी घातलं. पाऊण तास घुसळलं. पातेलं काठोकाठ आलं, माझा पदर भिजला, खांदा दुखायला लागला.

"वहिनी, आलं का?" आतून शुभा.

"येतंय, येतंय!"

"मघाशी आलं होतं ना?"

"परत गेलं!" मी म्हटलं, आणि यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या संवादाने नाना पेपर ठेवून आत आले. नाना एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निदान केलं, "जोर कमी पडतोय. आमच्या गावी माझी आई घुसळायची ती दोरीनं. खांबाला बांधून."

"मग बांधा ना, नाना."

त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी आणली, रवी खिडकीच्या गजाला अडकवली, तिला दोरीचे तीन वेढे दिले. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. "ओढ!" म्हणाले की मी ओढायची, "सोड!" म्हणाले की ते ओढायचे. दहा मिनिटं आम्ही सासरा-सून समोरासमोर रस्सीखेच खेळत होतो. मध्ये पातेलं हिंदकळत होतं आणि लोण्याचा पत्ता नव्हता. पंधरा दिवसांची साय! आई येईपर्यंत ही नासली तर आणखी पंधरा दिवस शुभाला लाडू नाही. ती आत पडल्या पडल्या दिवस मोजत होती, आणि तिच्या तोंडचा घास माझ्या हौसेपायी जाणार होता. मला रडू यायला लागलं.

"रडू नको," नाना म्हणाले. "ड्रिल मशीन आहे."

आता मागे वळून पाहताना वाटतं, हे वाक्य ऐकल्यावर मी पळून जायला हवं होतं. पण मी म्हटलं, "आणा!" नानांनी रवीचा दांडा ड्रिलमध्ये घट्ट आवळला. "हे दुधाचं पातेलं मध्ये येतंय," म्हणत लहान पातेलं कोपऱ्यात सरकवलं. मग चष्मा नीट केला, मला पातेलं धरायला सांगितलं आणि बटण दाबलं.

रवी एक क्षण फिरली. मग तळाच्या त्या चमत्कारिक गोळ्यात जाऊन रुतली आणि जागच्या जागी थांबली. पण ड्रिलला फिरायचं होतं. रवी फिरेना म्हटल्यावर पातेलं फिरायला लागलं! माझ्या हातातून सुटून ते गरागरा फिरत निघालं. पांढरे फवारे छतापर्यंत गेले. पंख्यावर, कॅलेंडरवर, मसाल्याच्या डब्यांवर, नानांच्या चष्म्यावर! नानांना काही दिसेना, त्यामुळे त्यांना बटण सापडेना. पातेलं कोपऱ्यातल्या लहान पातेल्याला जाऊन धडकलं, त्यावरचा वरवंटा डुगडुगला, आणि मी आडवी पडून ड्रिलची वायर प्लगमधून उपटली. त्या झटापटीत माझ्या बोटाचं सालपट निघालं.

छतावरून एक थेंब नानांच्या टकलावर पडला.

"आलं का?" शुभा.

माझ्या बोटातून रक्त येतंय हे पाहून नाना धावत जाऊन टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन आले. हात धुवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्यांनी कापसाचा बोळा भिजवला आणि माझ्या पांढऱ्या बोटावर दाबला.

बोट निळं झालं. थोडं निळं नव्हे, शाई सांडल्यासारखं काळंनिळं!

"अगं, विष चढलं!" नाना किंचाळले. "शुभा, रिक्षा बोलव! बोट गेलं हिचं!"

शुभा, बारा दिवसांची बाळंतीण, सगळे नियम मोडून, बाळ छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात धावत आली आणि तिथेच थबकली. नाना माझ्या मनगटाला रुमाल करकचून बांधत होते. मी मात्र बोटाकडे टक लावून बघत होते. असं निळं मी पूर्वी पाहिलं होतं. शाळेत, नववीत, बटाट्याच्या फोडीवर. मी नानांच्या हातून बोळा काढून घेतला आणि ओट्यावरच्या एका पांढऱ्या शिंतोड्यावर टेकवला. निळा! डब्यावरच्या शिंतोड्यावर टेकवला. निळा! कॅलेंडर निळं, फरशी निळी. मी वेड्यासारखी घरभर बोळा टेकवत सुटले आणि जिथे टेकवीन तिथे निळे ठिपके उमलत गेले.

"नाना," मी म्हटलं, "हे लोणी नाही होणार. यात फॅट नाहीच आहे. हा स्टार्च आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे ही साय नाहीये!"

आणि नेमक्या त्याच वेळी आई घरी आल्या. जावळ लवकर उरकलं होतं आणि बसही लगेच मिळाली होती. त्या दारात उभ्या राहिल्या, हातात जावळाच्या प्रसादाची पिशवी. खिडकीला दोरी, फरशीवर ड्रिल, भिंतींना पांढरे फवारे आणि त्यावर निळे ठिपके. सून निळ्या बोटाने उभी, नाना पिठाने माखलेले, बाळंतीण उघड्यावर.

"हे काय चाललंय?" आईंनी विचारलं.

"लोणी," नाना म्हणाले.

आईंनी चारी दिशांना पाहिलं. "कुठंय?"

आणि मला रडू फुटलं. रडता रडता मी सगळं सांगितलं. आईंनी मोठ्या पातेल्यात डोकावून पाहिलं, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. "अगं, हा कुरडयांचा चीक हाय. तीन दिवस गहू भिजवले, काल वाटले, चीक काढून नितळाया ठेवला. मागच्या अंगणात गहू दिसले नाय तुला?"

दिसले होते. मला वाटलं होतं आई ते गायीला घालणार आहेत. माझ्या माहितीप्रमाणे कुरडई ही पाकिटात तयार होत असे.

"मग साय?" मी विचारलं. आई कोपऱ्यात गेल्या, लहान पातेल्यावरचा वरवंटा उचलला, ताट सरकवलं. आत साय होती. पंधरा दिवसांची, घट्ट, पिवळसर, जशीच्या तशी. "एक थेंब नाय सांडला," आई म्हणाल्या आणि मटकन पाटावर बसल्या. मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पदर तोंडाशी गेला, मग त्या डोळे पुसत पुसत हसल्या. शुभा हसली, नाना हसले. मी मात्र मनातलं बोलून टाकलं, "आई, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता तो बरोबरच होता. म्हणूनच रवी देत नव्हता ना?"

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. "विश्वास? आगं बाई, लोणी येतं ते आधी ऐकू येतं. तू लय बोलतेस. तू आत असलीस की मला रवीचा आवाज ऐकू येत नाय, म्हणून बाहेर बसवायची तुला!"

चार महिने मी ज्याचं दुःख उराशी धरून बसले होते त्याचं कारण इतकं साधं होतं. नाना उगाच चष्मा पुसायला लागले. (नंतर कळलं, त्यांनाही बाहेर बसून माझ्याशी बोलण्याचा बराच त्रास होता.)

आईंनी हातपाय धुतले, रवी तीनदा धुतली, साय मोठ्या भांड्यात ओतली आणि मला शेजारी बसवलं. "आता गप ऐक." मी गप्प बसले. शुभा बाळाला घेऊन दारातच बसली, आणि आई तिला आत जा म्हणायलाही विसरल्या. रवी फिरायला लागली. आधी नुसतं घळघळ घळघळ. मग आवाज जाड झाला, भदभद व्हायला लागला. आईंनी डोळे मिटले होते. मनगट असं फिरत होतं की त्यांना काही कष्टच नाहीत. मध्येच त्यांनी तांब्यातलं गार पाणी ओतलं, किती ते न बघता. मग तो आवाज एकदम मोकळा झाला.

"आलं," आई म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. काहीच नव्हतं! आणि रवी आणखी चार फेरे फिरली न फिरली तोच त्या पांढऱ्या ताकात रव्यासारखे कण दिसले, मग ते एकमेकांना धरायला लागले, रवीच्या पाकळ्यांना चिकटायला लागले. आईंनी माझा हात धरून रवीवर ठेवला. दांड्यातून मला ते लोणी जड होताना जाणवलं. अंगावर सरसरून काटा आला. आपण आत्ता काहीतरी जन्माला येताना बघितलं असंच मला वाटलं, आणि समोर बारा दिवसांचं बाळ असताना मला लोण्याविषयी असं वाटलं हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी तूप कढलं. तेही आईंनी ऐकूनच उतरवलं. तूप तडतडायचं थांबलं की गॅस बंद. चीक आणखी एक रात्र नितळत ठेवला आणि कुरडया एक दिवस उशिरा घातल्या. रविवारी दुपारी शुभाने पहिला लाडू खाल्ला. नंतर दुसरा खाल्ला, आणि तिसरा उशाखाली ठेवताना आईंनी तिला पकडलं.

पुढच्या आठवड्यात आईंनी रवी माझ्या हातात दिली. त्याला आता बरीच वर्षं झाली. आईंचे गुडघे दुखतात, त्या बाहेर टीव्हीसमोर बसतात. दर रविवारी मी साय घेते, दोनदा वास घेते, एकदा चव बघते, मग गप्प बसून डोळे मिटते आणि कान लावून घुसळते. आवाज बदलला असं वाटलं की हळूच म्हणते, "आलं." बघते तर आलेलं नसतं. आणि बाहेरून, मालिकेचा आवाज जराही कमी न करता, आई सांगतात, "अजून दहा मिनिटं."

गेल्या रविवारी आईंनी "अजून दहा मिनिटं" म्हटल्याबरोबर मी घड्याळ बघून घुसळायला बसले. लोणी नऊ मिनिटांत आलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईंचा अंदाज चुकला होता. मी लोण्याच्या हातांनीच बाहेर धावले आणि आनंदाने ओरडून सांगितलं.

आईंनी टीव्हीवरची नजरही काढली नाही. "स्वयंपाकघरातलं घड्याळ बघितलंस ना? ते मंद चालतं. सेल बदल त्याचा."

बदलला.